ऑक्सिजन शिदोरीचा, कार्बन कमाईचा: आकाशगंगेच्या वेशीबाहेरचे तेजोमेघ

हबल किंवा जेम्स वेब दुर्बिणीचे रंगीत फोटो तुमच्या मोबाइलवर कधी ना कधी आलेच असतील. अंगठीसारखा, डोळ्यासारखा, फुलपाखरासारखा दिसणारा वायूचा ढग आणि मधोमध एक बारीक तारा. खाली ओळ असते, 'यात ऑक्सिजन, नायट्रोजन आणि कार्बन आहे.' आपण लाइक करतो आणि पुढे स्क्रोल करतो. पण जरा थांबा. तिथे कोणी गेलेलं नाही, बाटलीत नमुना भरून आणलेला नाही. मग आत काय आहे हे कळलं कसं? आणि किती आहे हे कसं मोजलं?

आज हेच समजून घेऊया. त्यासाठी उदाहरणं घेऊ ती अशा काही ढगांची, जे आपल्या आकाशगंगेच्या अगदी वेशीबाहेर आहेत. असे ढग फार थोडे सापडले आहेत, पण त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे. आणि या गोष्टीतला एक धागा थेट पुण्यातून जातो.

नावात ग्रह, पण ग्रहांशी संबंध नाही

या ढगांना 'ग्रहीय तेजोमेघ' म्हणतात. नाव फसवं आहे. १८व्या शतकात विल्यम हर्शेलला दुर्बिणीतून ते ग्रहासारखे गोल, फिकट चकतीसारखे दिसले, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं.

प्रत्यक्षात हा ताऱ्याचा शेवटचा काळ असतो. सूर्याच्या साधारण ०.८ ते ८ पट वस्तुमानाचे तारे म्हातारपणी फुगतात आणि बाहेरचे थर हळूहळू अवकाशात सोडून देतात. आतला गाभा उघडा पडतो. त्याचं तापमान ३०,००० अंशांपासून १ लाख अंशांच्याही वर जातं. त्याच्या अतिनील किरणांनी बाहेर पडलेला वायू उजळतो. हा देखावा फार टिकत नाही, साधारण काही हजार ते काही दहा हजार वर्षं. ताऱ्याचं आयुष्य कोट्यवधी वर्षांचं, त्यापुढे हे म्हणजे एक स्टेटस टाकून चोवीस तासांत गायब होण्यासारखं.

वेशीबाहेर म्हणजे कुठे?

आपली आकाशगंगा एखाद्या थाळीसारखी आहे. रुंदी सुमारे १ लाख प्रकाशवर्षं. सूर्य, आपण आणि उघड्या डोळ्यांना दिसणारे जवळजवळ सगळे तारे या थाळीत आहेत. पण थाळीच्या वर-खाली, चारही बाजूंनी एक मोठा, विरळ गोल पसरलेला आहे. त्याला प्रभामंडल किंवा हेलो म्हणतात. तिथले तारे खूप जुने, १,००० कोटी वर्षांपेक्षाही आधी जन्मलेले.

हे वय का महत्त्वाचं? विश्वाच्या सुरुवातीला जवळजवळ फक्त हायड्रोजन आणि हेलियम होते. ऑक्सिजन, कार्बन, लोह हे सगळं नंतर ताऱ्यांच्या पोटात शिजलं आणि तारे मेल्यावर बाहेर पडलं. जो तारा लवकर जन्मला, त्याच्या वाट्याला ही सामग्री कमी आली. म्हणजे प्रभामंडलातला तारा हा जुन्या काळाचा नमुना आहे.

आकाशगंगेत आजवर तीन हजारांहून जास्त ग्रहीय तेजोमेघ सापडलेत. त्यांपैकी नक्की प्रभामंडलातले म्हणता येतील असे जेमतेम डझन-दीड डझन.

हिरवी रेषा आणि पुण्याची वेधशाळा

आता मूळ प्रश्न. रसायन कळतं कसं? प्रकाशावरून.

हे घरी करून बघता येतं. जुनी सीडी घ्या. सीएफएल बल्ब किंवा जुन्या ट्यूबलाइटचा उजेड तिच्यावर तिरका पडू द्या आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने प्रतिबिंब बघा. रंगांचे वेगवेगळे तुकडे दिसतील, त्यात एक ठसठशीत हिरवा. तो आतल्या पाऱ्याच्या वाफेचा. आता हेच एलईडी बल्बसमोर करा. रंग सलग पसरलेले दिसतील. (सूर्यावर हा प्रयोग करू नका.) विरळ, तापलेला वायू ठरावीक रंगांच्याच रेषा देतो आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. क्यूआर कोड स्कॅन केला की दुकानदाराचं नाव येतं, तसंच.

१८६४ साली इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्स यांनी एका ग्रहीय तेजोमेघाचा प्रकाश असा फोडून पाहिला. सलग पट्टा नव्हता, मोजक्या रेषा होत्या. सर्वांत ठळक रेषा हिरवी होती आणि ती तेव्हा माहीत असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना. मग 'नेब्युलियम' नावाचं नवंच मूलद्रव्य असावं, असं लोक मानू लागले. नॉर्मन लॉकियर यांचं मत वेगळं होतं. ते म्हणत, ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे. तसं असेल तर रेषा एका बाजूला पुसट, पसरलेली दिसायला हवी.

इथे पुणे येतं. कॉलेज ऑफ सायन्स, म्हणजे आजचं सीओईपी, तिथले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आणि सरकारी मदतीतून १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेली आरशाची दुर्बीण तिथे होती. १८९१ च्या सुमारास नायगमवालांनी मृग नक्षत्रातल्या मोठ्या तेजोमेघात हीच हिरवी रेषा तपासली. ती त्यांना बारीक आणि धारदार दिसली, पुसट कड नाही. लॉकियर यांच्या म्हणण्याला ते प्रतिकूल होतं. याच दुर्बिणीला पुढे २० इंची आरसा बसला आणि कित्येक वर्षं ती देशातली सर्वांत मोठी दुर्बीण राहिली. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली.

रेषेचं कोडं सुटलं ते १९२७ मध्ये. अमेरिकेतल्या आयरा बोवेन यांनी दाखवलं की नेब्युलियम वगैरे काही नाही, हा आपला साधा ऑक्सिजनच आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. पृथ्वीवर ही रेषा दिसत नाही, कारण हवेत अणू एकमेकांवर सतत आदळतात आणि हा प्रकाश सोडायच्या आतच त्यांची ऊर्जा धक्क्यात निघून जाते. तेजोमेघात एका घनसेंटिमीटरमध्ये साधारण काही हजारच कण असतात. तिथे अणूला निवांत वेळ मिळतो आणि ५००.७ नॅनोमीटरची ती हिरवी रेषा उमटते.

ठळक रेषा म्हणजे जास्त माल, असं नाही

रेषा ओळखली की मूलद्रव्य कळलं. पण प्रमाण? इथे बरेच जण पटकन म्हणतात, रेषा जितकी ठळक तितका ऑक्सिजन जास्त. हे तितकं सोपं नाही.

गणपतीतलं ढोल-ताशा पथक आठवा. लांबून आवाज मोठा आला, तर पथकात ढोल जास्त आहेत, की ढोल थोडेच आहेत पण पोरं जोरात हाणतायत? नुसत्या आवाजावरून सांगता येत नाही. आधी जोर किती ते कळायला हवं.

तेजोमेघात हा जोर म्हणजे तापमान. ते मोजायची युक्ती ऑक्सिजनच देतो. त्याची आणखी एक क्षीण रेषा ४३६.३ नॅनोमीटरवर असते. ती उमटायला अणूला जास्त ऊर्जा लागते. म्हणून वायू जितका गरम, तितकी ही क्षीण रेषा ५००.७ च्या तुलनेत वर येते. दोघींचं गुणोत्तर काढलं की तापमान मिळतं. नेहमीच्या तेजोमेघात ते साधारण १०,००० अंश असतं. मग तापमानाचा परिणाम वजा करून अणूंची संख्या काढता येते.

गंमत अशी की वायूला थंड करण्याचं कामही मुख्यतः ऑक्सिजनच करतो, कारण रेषेतून तो ऊर्जा बाहेर टाकतो. ऑक्सिजन कमी असला की ढग जास्त गरम राहतो आणि थोडाच ऑक्सिजन जोरात चमकतो. प्रभामंडलातल्या तेजोमेघांत नेमकं हेच होतं. तापमान न मोजता अंदाज बांधला, तर गरीब ढग श्रीमंत वाटेल.

आणखी एक अडचण. ऑक्सिजन एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो, दोन गमावलेला असतो, कधी त्याहून जास्त. प्रत्येक प्रकाराची रेषा वेगळी आणि काही प्रकार आपल्याला दिसतच नाहीत. म्हणून हजर असलेल्यांवरून गैरहजरांचा हिशेब करावा लागतो. कार्बनची तर बात अजून वेगळी. त्याच्या ठळक रेषा अतिनील भागात येतात आणि आपलं वातावरण अतिनील किरण अडवतं. त्यामुळे कार्बनचा नीट हिशेब सुरू झाला तो १९७८ मध्ये सोडलेल्या आययूई या उपग्रहानंतर आणि पुढे हबलमुळे.

एम १५ मधला ढग

आता प्रत्यक्ष उदाहरण. महाश्व तारकासमूहात एम १५ नावाचा गोलाकार तारकागुच्छ आहे. आपल्यापासून सुमारे ३३,००० प्रकाशवर्षं दूर, वय साधारण १,२०० कोटी वर्षं. इथल्या ताऱ्यांत लोहाचं प्रमाण सूर्याच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकं.

१९२१ मध्ये फ्रिडरिख क्यूस्टनर यांनी या गुच्छातल्या ताऱ्यांची यादी केली. त्यातला ६४८ क्रमांकाचा 'तारा' हा तारा नसून ग्रहीय तेजोमेघ आहे, हे फ्रान्सिस पीझ यांनी १९२८ मध्ये जाहीर केलं. माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून त्यांनी तो पकडला होता. गोलाकार गुच्छात सापडलेला हा पहिला ग्रहीय तेजोमेघ. त्याला के ६४८ किंवा पीझ १ म्हणतात.

आकडे बघा. सूर्यात हायड्रोजनच्या दर १० लाख अणूंमागे ऑक्सिजनचे साधारण ४९० अणू आणि कार्बनचे साधारण २७०. म्हणजे कार्बन हा ऑक्सिजनच्या निम्म्याच्या आसपास. के ६४८ मध्ये दर १० लाखांमागे ऑक्सिजनचे सुमारे ५० अणू, सूर्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेच. आणि कार्बन? ऑक्सिजनच्या कित्येक पट.

इतक्या गरीब गुच्छात एवढा कार्बन आला कुठून?

हे समजायला गावाकडून शहरात नोकरीला आलेल्या माणसाचा विचार करा. त्याच्याकडे दोन गोष्टी असतात, घरून बांधून दिलेली शिदोरी आणि स्वतःची कमाई. ऑक्सिजन, गंधक, आर्गॉन ही मुख्यतः शिदोरी. एवढ्या छोट्या ताऱ्याला गंधक किंवा आर्गॉन तयारच करता येत नाही. ते जितकं आहे तितकं जन्माच्या वेळच्या ढगातून आलेलं. कार्बन मात्र कमाई. ताऱ्याने तो स्वतः आत बनवला, म्हातारपणी खालून वर ढवळून आणला आणि बाहेर फेकला.

म्हणून प्रभामंडलातले तेजोमेघ इतके मोलाचे. थाळीतल्या ताऱ्याला शिदोरीतच भरपूर कार्बन मिळतो, त्यामुळे त्याची कमाई वेगळी काढणं कठीण. इथे शिदोरी जवळजवळ रिकामी. त्यामुळे जो कार्बन दिसतो, तो बहुतेक सगळा त्या ताऱ्याचाच.

हा हिशेब तंतोतंत नाही, हेही सांगायला हवं. इतक्या जुन्या ताऱ्यांत ढवळताना थोडा ऑक्सिजनही वर येऊ शकतो. म्हणून शिदोरीचा आकडा काढताना अभ्यासक ऑक्सिजनबरोबर आर्गॉन आणि गंधकही बघतात.

कार्बन बनतो कसा?

हेलियमचे तीन अणुगर्भ एकत्र आले की एक कार्बन. त्यासाठी १० कोटी अंशांच्या आसपास तापमान लागतं. पण नुसत्या टकरींच्या हिशेबाने ही क्रिया फार मंद निघत होती, इतका कार्बन विश्वात असायलाच नको होता. १९५३ मध्ये फ्रेड हॉईल यांनी उलटा विचार केला. कार्बन भरपूर आहे, म्हणजे कार्बनच्या गर्भाला एक ठरावीक ऊर्जेची खास पातळी असलीच पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत शोध घेतला आणि पातळी त्यांनी सांगितलेल्या जागेजवळच सापडली.

हेच हॉईल पुढे केंब्रिजमध्ये आपल्या जयंत नारळीकरांचे मार्गदर्शक झाले. कोल्हापुरात जन्मलेल्या नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात आयुकाची स्थापना केली आणि विज्ञान मराठीत लिहिण्याचा वसा २०२५ मध्ये आपल्यातून जाईपर्यंत सोडला नाही. आयुकाची २ मीटर आरशाची दुर्बीण जुन्नरच्या वाटेवर गिरवलीजवळ आहे आणि तिच्यावर प्रकाशाचा वर्णपट घेणारं उपकरणही आहे. तख्तसिंगजी वेधशाळा बंद झाल्यावर पुणे जिल्ह्यात हे काम पुन्हा सुरू व्हायला ९० हून जास्त वर्षं गेली.

अजून न सुटलेला भाग

सगळेच वेशीबाहेरचे ढग के ६४८ सारखे नाहीत. तिमिंगल तारकासमूहातल्या बीओबीएन १ मध्ये कार्बन तर आहेच, शिवाय निऑन जास्त आहे आणि दुर्मीळ फ्लोरिनही सापडलंय. हा ढग आपल्या आकाशगंगेने गिळत आणलेल्या एका बटू दीर्घिकेतून आला असावा, असा काही संशोधकांचा अंदाज आहे. उलट शौरी तारकासमूहातल्या डीडीडीएम १ मध्ये कार्बन ऑक्सिजनपेक्षा कमी आहे. त्या ताऱ्याची कमाई झालीच नाही.

आणि के ६४८ स्वतःच एक कोडं आहे. एम १५ मध्ये आज म्हातारे होणारे तारे सूर्याच्या साधारण ०.८ पट. इतक्या हलक्या ताऱ्याने एवढा कार्बन ढवळून आणणं आणि इतक्या लवकर गरम होऊन ढग उजळवणं गणितात बसत नाही. एक उत्तर असं सुचवलं गेलंय की तो मुळात एक तारा नव्हता. दोन तारे जवळ आले, एकमेकांत मिसळले आणि त्यातून जड तारा झाला. रासायनिक प्रमाणातून निघालेला प्रश्न असा थेट ताऱ्याच्या चरित्रापर्यंत पोचतो.

आंदर मावळातून काय दिसेल?

के ६४८ स्वतः दिसणार नाही, त्याला मोठी दुर्बीण लागते. पण तो ज्या गुच्छात आहे तो एम १५ साध्या बायनॉक्युलरमधूनही पुसट कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो.

टाकवे बुद्रुक सोडून वडेश्वर, खांडीकडे आत गेलात की पुण्याचा उजेड आग्नेयेला राहतो आणि घाटाखालून येणारा मुंबईचा उजेड पश्चिमेला. एम १५ मावळातून जवळजवळ डोक्यावर येतो, दोन्ही उजेडांपासून सर्वांत लांब. पावसाळ्यात इथे तारे विसराच. पण ऑक्टोबरच्या मध्यात, भात काढणीच्या सुमारास, रात्री साडेआठच्या आसपास तो माथ्याजवळ असतो. चंद्र नसलेली रात्र निवडा. स्टेलेरियम ॲपमध्ये 'एम १५' शोधा, स्क्रीन लाल मोडवर ठेवा आणि डोळ्यांना वीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. त्याच रात्री थोडं लवकर एम २७ शोधा. हा आपल्या थाळीतला ग्रहीय तेजोमेघ, काळोख असेल तर बायनॉक्युलरमधूनही दिसतो. के ६४८ बघायचाच असेल, तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये अलादिन लाइट उघडून तेच नाव टाका. मोठ्या दुर्बिणींचे खरे फोटो फुकट आहेत.

फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा बहुतेक उजेड पिवळ्या-नारिंगी भागात असायचा, हिरवा-निळा भाग त्यामानाने मोकळा राहायचा. पांढरा एलईडी सगळीकडे पसरतो, ते तुम्ही सीडीवर पाहिलंच. म्हणजे ज्या पट्ट्यात ऑक्सिजनची रेषा येते तिथेही. हौशी निरीक्षक हिरवी रेषा तेवढी आत सोडणारं फिल्टर लावतात, पण एलईडीचा उजेड त्यातूनही आत येतो. मावळात फार्महाउस वाढतायत आणि अंगणातले दिवे रात्रभर आभाळाकडे तोंड करून जळतात.

दिवे नकोत असं कोणी म्हणत नाही. रस्त्याला उजेड हवाच, रात्रपाळीवरून येणाऱ्या माणसाला तर हवाच. पण दिव्याला वरून टोपी असली, तोंड खाली असलं, बल्ब २७०० केल्व्हिनचा पिवळसर असला आणि मध्यरात्रीनंतर अंगणातला बंद केला, तर तेवढ्याच रस्त्यावर चांगला उजेड पडतो आणि वीजबिलही कमी येतं. पुढच्या ग्रामसभेत दिव्यांचा विषय निघाला, तर 'टोपीवाला, पिवळसर' हे दोन शब्द तेवढे मांडा.